नल आणि अनडिफाइन्ड: जावास्क्रिप्टमध्ये ‘काहीच नाही’ दोनदा कसं आलं

नल म्हणजे ‘इथे काही नाही’ सांगणारी खास किंमत. ही कल्पना वेबपानं चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेपेक्षा तीस वर्षांनी जुनी. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आल्गोल डब्ल्यू भाषेसाठी ती आणली आणि २००९ मध्ये तिला आपली ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटलं. जावास्क्रिप्टने तर अशा दोन किमती घेतल्या.

१९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला. ती जावा या दुसऱ्या भाषेसारखी दिसायला हवी होती, म्हणून तिथला नल आला. त्याचा अर्थ ‘इथे ऑब्जेक्ट (माहितीचा गठ्ठा) नाही’. पण जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलला (किंमत ठेवायच्या नावाला) ठरलेला प्रकार नसतो, म्हणजे त्यात ऑब्जेक्टच येईल असं नाही. काहीच न भरलेल्या व्हेरिएबलसाठी मग अनडिफाइन्ड आला.

कोड चालवणाऱ्या त्या पहिल्या इंजिनात प्रत्येक किमतीसोबत प्रकार सांगणारे काही बिट असत. ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नल म्हणजेही सगळे बिट शून्य. त्यामुळे किमतीचा प्रकार विचारणाऱ्या टाइपऑफला नल दिला तर उत्तर ‘ऑब्जेक्ट’ येतं, आजही. दुरुस्तीचा प्रस्ताव आला होता, पण जुनी पानं मोडतील म्हणून तो बारगळला.

चूक पकडायची ट्राय-कॅचची सोय १९९९ च्या एक्मास्क्रिप्ट ३ (जावास्क्रिप्टच्या प्रमाणाची तिसरी आवृत्ती) मध्ये आली. त्याआधीच्या भाषेने जमेल तिथे गुपचूप रूपांतर करायचं ठरवलेलं होतं, आणि ते नियम अजून तसेच आहेत. नल अधिक १ म्हणजे १; अनडिफाइन्ड अधिक १ म्हणजे नॅन (‘हा आकडा नाही’). दोन्हीकडे एरर नाही. बेरजेत शिरलेला नॅन पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरतो आणि स्क्रीनवर दिसेपर्यंत मूळ जागा मागे राहून गेलेली असते. नल त्याहून वाईट, कारण उत्तर खरं वाटतं.

गैरहजर किमतीऐवजी दुसरी घालायला वर्षानुवर्षं || (‘किंवा’चं चिन्ह) वापरला गेला. वापरकर्त्याने मर्यादा ० ठेवली असेल तर ‘मर्यादा || १०’ हे १० देतं, कारण ||ला ०, रिकामी स्ट्रिंग आणि फॉल्स हेही नसल्यासारखेच. २०१५ मध्ये फंक्शनला डीफॉल्ट पॅरामीटर (किंमत न दिल्यास आपोआप लागणाऱ्या किमती) मिळाले, पण ते फक्त अनडिफाइन्डवर लागू होतात. सर्व्हरकडून जेसन या डेटा पाठवायच्या मजकुरी स्वरूपात येतो तो नल (जेसनमध्ये अनडिफाइन्ड नसतोच), आणि तो डीफॉल्टला बगल देऊन थेट आत शिरतो.

?? (किंमत नसेल तर दुसरी घालणारा) आणि ?. (ऑब्जेक्ट नसेल तर एररऐवजी अनडिफाइन्ड देणारा) २०२० मध्ये आले. ?? फक्त नल आणि अनडिफाइन्ड पाहतो, म्हणून ० शाबूत राहतो. कंसाशिवाय || सोबत लिहिला तर कोड पार्सच होत नाही, आणि ते बरंच आहे. ?. मात्र जपून वापरावा. प्रत्येक टिंबाआधी प्रश्नचिन्ह टाकलं की एरर थांबते, पण अनडिफाइन्ड पुढे सरकतो आणि आपण पुन्हा १९९५ च्या गुपचूप वागण्यावर येतो. जी किंमत असायलाच हवी, तिथे टाइपएरर (नल किंवा अनडिफाइन्डमधून काही वाचल्यावर येणारी एरर) लगेच फुटलेली चांगली.

जावास्क्रिप्टला प्रकार जोडणाऱ्या टाइपस्क्रिप्ट भाषेच्या २.० आवृत्तीने २०१६ मध्ये स्ट्रिक्ट-नल-चेक्स दिलं: नल येऊ शकतो असं प्रकारात लिहिल्याशिवाय तो चालत नाही. पण ही तपासणी कोड चालण्याआधी, कंपाइल करतानाची. जेसन वाचणाऱ्या जेसन.पार्सचा निकाल टाइपस्क्रिप्टच्या लेखी ‘एनी’ (कोणताही प्रकार) असतो, तिथे ती लागूच होत नाही. बाहेरचा डेटा आत घेताना किंमत आहे का, प्रकार तोच आहे का, हे चालत्या कोडमध्ये वेगळं तपासावं लागतं.