डेटाबेस फाइलचे स्थान व लेखन-परवानगी

डेटाबेस एकाच फाइलीत असेल, तर ती फाइल वेब प्रोग्रामला सापडणे आणि तिच्यात त्याला लिहिता येणे या दोन वेगळ्या गरजा ठरतात. प्रोग्राम विकसकाच्या संगणकावरून सर्व्हरवर नेला, की दोहोंतील उणीव बहुधा एकदमच उघडी पडते. हा प्रश्न मुख्यतः एसक्यूलाइट या एकाच फाइलीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेस प्रणालीचा (पहिली आवृत्ती २०००, जनक डी. रिचर्ड हिप). मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल यांच्या फाइली डेटाबेस सर्व्हरच्या ताब्यात असल्याने तेथे तो सहसा उद्भवत नाही.

स्थान : सापेक्ष पाथ (फाइलीचा मुळापासून न दिलेला, अपुरा पत्ता) कोडच्या फाइलीपासून नव्हे, तर चालू प्रोसेसच्या वर्किंग डिरेक्टरीपासून (ती त्या वेळी ज्या डिरेक्टरीत काम करत असते तिथून) मोजला जातो. फाइल न सापडल्यास एसक्यूलाइट सहसा मुकाट्याने नवी रिकामी फाइल उघडते. मग ‘नो सच टेबल’ (असे टेबल नाही) अशी त्रुटी येते व शोध भलतीकडे जातो. अनपेक्षित जागी शून्य बाइटची फाइल दिसणे ही याची ठळक खूण. पूर्ण पाथ कोडमध्येच लिहावा असे काही मानतात. तो सेटिंगमधून द्यावा हे मत अधिक ग्राह्य वाटते. फाइल वेबच्या सार्वजनिक डिरेक्टरीत मात्र कधीही नसावी, कारण तेथून ती कोणालाही उतरवून घेता येऊ शकते.

परवानगी : सर्वाधिक घोटाळा येथे होतो. फाइलीला लेखन-परवानगी असूनही त्रुटी ८ (डेटाबेस केवळ वाचनीय) किंवा १४ (फाइल उघडता येत नाही) येते. कारण असे, की बदल अर्धवट राहिल्यास मूळ स्थिती परत आणण्यासाठी एसक्यूलाइट त्याच डिरेक्टरीत तात्पुरती जर्नल फाइल निर्माण करते. २०१० मध्ये आवृत्ती ३.७.० पासून आलेल्या वॉल (राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याच्या) पद्धतीत ‘-वॉल’ व ‘-एसएचएम’ अशा दोन जोडफाइली असतात. म्हणून परवानगी फाइलीसह डिरेक्टरीलाही लागते, आणि तीही सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला. डेबियन या लिनक्स प्रणालीवर हा युजर बहुधा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतो. विकसकाने स्वतःच्या खात्यातून केलेली चाचणी त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही.

७७७ (सर्वांना वाचन, लेखन व चालवण्याची परवानगी) हा सर्रास सुचवला जाणारा उपाय त्रुटी घालवतो, पण सर्व्हरवरील प्रत्येक खात्याला डेटा बदलण्याची मुभा देतो. मालकी व ग्रुप नीट लावून डिरेक्टरीस ७७०, फाइलीस ६६० (केवळ मालक व ग्रुप यांना परवानगी) देणे पुरेसे असते. एवढे करूनही नकार येत राहिल्यास एसईलिनक्स या लिनक्सच्या अतिरिक्त सुरक्षा-यंत्रणेची लेबले तपासावीत.