कोकोपीट म्हणजे पीट नव्हे

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या रोपवाटिकेत ट्रेमधील तपकिरी, हलक्या भुश्याला कोणी कोकोपीट म्हणतो, कोणी नुसतेच 'पीट'. बोलण्यापुरते ते खपून जाते. परंतु आयात केलेल्या पीट मॉसची गोणी समोर असताना दोन्ही पदार्थ एकच समजणे रोपालाही महागात पडते आणि ती गोणी जिथून आली त्या दलदलीलाही.

कोकोपीट हा नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा होय. तो मुख्यतः तमिळनाडू व केरळातून दाबलेल्या विटांच्या रूपात येतो, आणि नारळ दरवर्षी उतरतात तसा हा भुसाही दरवर्षी निघतो. पीटचे तसे नाही. थंड प्रदेशांतील पाणथळ जागी स्फॅग्नम नावाची शेवाळासारखी वनस्पती वाढते व मरते, पण साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोहोचत नसल्याने ती पुरती कुजत नाही. तिचे अर्धवट कुजलेले थर, म्हणजेच पीट, वर्षाला साधारण १ मिलिमीटर या गतीने चढत जातात. म्हणजे मीटरभर थराला सुमारे १००० वर्षे. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर असलेल्या पीटभूमीत साऱ्या जंगलांतील झाडाझुडपांपेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे.

ट्रेमध्येही दोघांचे वागणे वेगळे असते. मूळ पीटचा सामू (पीएच) ३.५ ते ४.५, म्हणजे चांगलाच आम्ल असल्याने त्यात चुना मिसळावा लागतो. कोकोपीटचा सामू बहुधा ५.५ ते ६.५ असतो, मात्र त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार राहिलेले असतात, म्हणून ते गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे लागते. बोअरचेच पाणी खारट असेल, तर या धुण्याला फारसा अर्थ उरत नाही. आपल्याकडील मे महिन्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक पुढे आहे: पूर्ण वाळलेले पीट पाणी झटकून टाकते, तर कोकोपीट पुन्हा सहज भिजते. खत मात्र दोन्हींपैकी एकही नाही.

वाळण्याचा हाच दोष पीटभूमीच्या मुळावर येतो. चर खोदून पाणी काढले की थरात हवा शिरते, कुजण्याची क्रिया वेग घेते, जमीन खचते आणि साठलेला कार्बन वायूरूपाने बाहेर पडतो. शिवाय कोरडे पीट पेटते. पीटभूमी उष्ण प्रदेशांतही असते; इंडोनेशियात १९९७ व २०१५ मध्ये अशा आगींनी आसमंत धुराने भरला, आणि २०१६ मध्ये तेथील सरकारने पीटभूमीच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्थाच स्थापन केली. या कामाची पहिली पायरी म्हणजे चरांवर बांध घालून पाण्याची पातळी पुन्हा जमिनीलगत आणणे. पांझरा नदीकाठच्या फड या पारंपरिक सिंचन पद्धतीतील बंधारे पाणी वळवून शेतापर्यंत नेण्यासाठी घातले गेले. पीटभूमीतले बांध पाणी जागचे हलू नये म्हणून असतात. जिथे उत्खननाने वरचा थर गेलेला असतो, तिथे कॅनडात रुजलेल्या पद्धतीनुसार जवळच्या चांगल्या दलदलीतून स्फॅग्नमचे तुकडे आणून पसरतात व त्यांवर पेंढा अंथरतात. हिरवा थर काही वर्षांत धरतो. खणून नेलेली जाडी मात्र त्याच मिलिमीटरच्या हिशेबाने भरून यायची असते.

तयार मिश्रणाच्या गोणीत कधी कधी दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे पुढचे मोठे नाव वाचून न थांबता मागच्या बाजूचे घटक पाहावेत.