व्यायामोपचाराच्या अनुपालनाचे मापन

गुडघ्याचा अस्थिसंधिवात, दीर्घकालीन कंबरदुखी, मानदुखी यांसारख्या अस्थिस्नायू विकारांवर नेमून दिलेला व्यायाम रुग्ण प्रत्यक्षात किती वेळा, किती प्रमाणात आणि कितपत अचूक करतो हे ठरविण्याच्या पद्धती. असा व्यायाम बहुतेक वेळा घरी, देखरेखीवाचून केला जातो. त्यामुळे गुण आला नाही तर व्यायामच निरुपयोगी होता की तो झालाच नव्हता, याचा उलगडा या मापनाशिवाय होत नाही.

या विषयातील पहिली अडचण संज्ञेची आहे. १९७० च्या दशकात डेव्हिड सॅकेट व ब्रायन हेन्स यांनी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा ‘कम्प्लायन्स’ हा शब्द रूढ होता व त्यात वैद्याची आज्ञा पाळण्याची छटा होती. पुढे ‘अ‍ॅडहिअरन्स’ हा शब्द अधिक पसंत केला जाऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालातील व्याख्येनुसार, उपचारकाबरोबर संमतीने ठरलेल्या शिफारशींशी रुग्णाचे वर्तन जितके जुळते तितके त्याचे अनुपालन होय. यातील ‘संमतीने’ हा शब्द महत्त्वाचा असला, तरी व्यायामाच्या मोजपट्ट्यांत त्याचा माग क्वचितच घेतला जातो.

निम्म्याअधिक गोष्टी पाळल्या म्हणजे अनुपालन झाले, की त्यासाठी ८० टक्क्यांची अट हवी, याबाबत एकवाक्यता नाही. ८० टक्क्यांच्या मर्यादेचे मूळ सामान्यतः कॅनडातील हॅमिल्टन येथील उच्च रक्तदाबाच्या पोलाद कामगारांवरील १९७० च्या दशकातील अभ्यासात मानले जाते. तेथे मोजल्या होत्या त्या गोळ्या. गोळी घेतली किंवा घेतली नाही, एवढाच प्रश्न असतो. व्यायामाला वारंवारता, आवर्तने, भार आणि ढब अशी अनेक अंगे असतात. त्यामुळे ही मर्यादा व्यायामाला जशीच्या तशी लावणे योग्य दिसत नाही. समजा, रोज तीन व्यायाम सांगितले असताना रुग्णाने आठवडाभर त्यांतील दोनच केले. एकूण व्यायाम मोजल्यास अनुपालन सुमारे ६७ टक्के येते. तिन्ही पूर्ण झाले तेवढेच दिवस धरल्यास ते शून्य, आणि एक तरी व्यायाम झालेला दिवस धरल्यास १०० टक्के ठरते.

सर्वांत प्रचलित साधन म्हणजे रुग्णाने स्वतः भरायची दैनंदिनी. ती स्वस्त व सोपी आहे, पण भेटीच्या आदल्या रात्री एकाच शाईने आठवड्याच्या सगळ्या चौकटी भरलेली वही उपचारकांच्या परिचयाची असते. आर्थर स्टोन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांच्या वहीत प्रकाशसंवेदक दडवून, ती केव्हा उघडली जाते हे टिपले. रुग्णांच्या सांगण्यानुसार वेळेवर केलेल्या नोंदी ९० टक्के होत्या, प्रत्यक्षात त्या ११ टक्के निघाल्या. हा अभ्यास वेदनेच्या नोंदींचा होता, व्यायामाचा नव्हे; तथापि दैनंदिनी काय मोजते याविषयीची शंका त्यामुळे बळावली.

प्रश्नावल्यांपैकी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यायाम अनुपालन मापनश्रेणीत (‘ईअर्स’) सहा विधाने असून गुण ० ते २४ असतात. क्रीडादुखापतींसाठीच्या ‘सिरास’ या श्रेणीत रुग्णाऐवजी उपचारकच तीन बाबींवर गुण देतो : व्यायामातील जोर, सूचना किती वेळा पाळल्या आणि कार्यक्रमातील बदल कितपत स्वीकारले. ही श्रेणी केंद्रातील सत्रापुरतीच बोलते. घरचे तिला दिसत नाही. घरगुती व्यायामाच्या स्वनिवेदित मापनांचा २०१४ मध्ये आढावा घेतला असता ६१ साधने आढळली, पण बहुतेकांच्या विश्वसनीयतेचा व वैधतेचा पुरेसा पडताळा झालेला नव्हता.

वस्तुनिष्ठ मापनासाठी घोट्याला बांधायच्या वजनपट्ट्यात त्वरणमापक (हालचालीतील वेगाचा बदल टिपणारे उपकरण) बसविणे, किंवा ताणपट्टीला संवेदक जोडून स्नायू किती सेकंद ताणाखाली राहिला हे नोंदविणे, असे उपाय योजले गेले आहेत. गुडघेदुखीच्या रुग्णांत अशा छुप्या त्वरणमापकाशी ताडून पाहता दैनंदिनीतील आकडे फुगलेले आढळले. मात्र पोटाचे स्नायू आवळून धरण्यासारखा, जवळपास हालचाल नसलेला व्यायाम त्वरणमापकाला नीट पकडता येत नाही. शिवाय संवेदक असल्याचे रुग्णाला ठाऊक असल्यास मापनामुळेच त्याचे वर्तन बदलू शकते, आणि दडवून ठेवल्यास त्याच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो.

आकड्यांचा अर्थ लावतानाही सावधगिरी लागते. दुखणे थांबले म्हणून व्यायाम सोडलेला रुग्ण आणि दुखणे वाढले म्हणून सोडलेला रुग्ण या मोजपट्ट्यांवर सारखाच दिसतो. म्हणून सोडण्याचे कारण स्वतंत्रपणे नोंदविणे इष्ट मानले जाते.