होकुसाईच्या लाटेतला निळा

मोबाईल कव्हर, टीशर्ट, कॅफेची भिंत, ती जपानी लाट सगळीकडे असते आणि दर वेळी कोणीतरी सांगतंच की ही त्सुनामी आहे. अहो नाही! खोल समुद्रात त्सुनामी बोटीखालून निघून जाते, नावाड्याला पत्ताही लागत नाही, ती उंच होते ती किनाऱ्याजवळ आल्यावर. आणि घरात लाटेचं चित्र लावलं की पैसा वाहून जातो म्हणणाऱ्या वास्तुवाल्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

मला वेड आहे ते त्यातल्या निळ्याचं. जपानी चित्रकार होकुसाईने हे चित्र १८३१ च्या सुमारास केलं, म्हणजे रेखाटन त्याचं, चेरीच्या लाकडाचे ठसे कोरणारा वेगळा आणि छापणारा वेगळा. जपानकडे आधी नीळ होती आणि एका रानफुलाचा निळा, जो पाणी लागलं की पसरायचा, उन्हात उडायचा. मग युरोपातून प्रशियन ब्लू आला. १७०६ च्या आसपास बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेले आणि भेसळीच्या पोटॅशमुळे हा निळा तयार झाला!

याचे कण एकदम बारीक. छापणारा ठशावर ओलं फडकं फिरवायचा, ब्रशच्या एकाच कडेला रंग घ्यायचा आणि फिरवायचा, की गडद निळा हळूहळू फिका होत जातो. हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराची आकाशं बघा, वरती ती निळी पट्टी असते ना, तीच.

आता केमिस्ट्री. प्रशियन ब्लूच्या स्फटिकात लोखंडाचे अणू दोन प्रकारचे, काहींवर दोन धन प्रभार, काहींवर तीन, आणि मधे कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचा पूल. प्रकाश पडला की दोनवाल्याचा एक इलेक्ट्रॉन पुलावरून तीनवाल्याकडे उडी मारतो. उडीला लागणारी ऊर्जा बरोबर तांबड्या-नारिंगी प्रकाशाएवढी, म्हणजे तरंगलांबी साधारण ७०० नॅनोमीटरच्या आसपास, तेवढा प्रकाश गिळला जातो आणि उरलेला आपल्याला निळा दिसतो. कार्बन-नायट्रोजन म्हणजे सायनाइडच, पण लोखंडाने इतकं घट्ट धरलंय की सुटत नाही, उलट थॅलियम हा विषारी धातू आणि किरणोत्सारी सीझियम पोटात गेलं तर हेच औषध म्हणून देतात.

सगळे अणू दोनवाले झाले तर उडी मारायला जागाच नाही, रंग गायब, पांढरट. उजेडात प्रिंट फिकी पडते ती बऱ्याच अंशी अशीच, आणि अंधारात ठेवली की हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि निळा बराचसा परत येतो.