वादळ कुठे उठणार, हे ढग यायच्या आधी कसं ओळखतात

अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या सपाट पट्ट्यात मे महिन्यात स्टॉर्म चेसर गाड्या घेऊन वादळामागे फिरतात, आणि आपल्याला वाटतं ढग दिसला की हे निघतात. तसं नसतं. ढग दिसला आणि तुम्ही 200 किलोमीटर लांब असलात तर संपलंच, म्हणून खरं काम सकाळीच सुरू होतं.

मोठ्या वादळाला खाली दमट हवा लागते, ती मेक्सिकोच्या आखातातून येते. वर थंड हवा लागते. शिवाय जमिनीपासून 6 किलोमीटरपर्यंत वाऱ्यात साधारण 40 नॉटचा, म्हणजे ताशी 74 किलोमीटरचा, फरक असला की वादळ स्वतःभोवती फिरायला लागू शकतं, तेच सुपरसेल.

नवीन माणूस केपचा नकाशा उघडतो, केप म्हणजे वर जाणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा, आणि जिथे किलोमागे 4000 ज्यूल दिसले तिथे गाडी वळवतो. मग दिवसभर निळं आभाळ बघत बसतो, कारण त्याने झाकण बघितलेलंच नसतं.

हे झाकण म्हणजे मेक्सिकोच्या पठारावरून आलेली गरम कोरडी हवा, ती दमट हवेच्या डोक्यावर पसरते आणि खालून वर निघालेली हवा तिथे आजूबाजूपेक्षा थंड ठरून अडकते. पण झाकण नसलं तरी पंचाईत, दुपारीच सगळीकडे फुटकळ ढग उठतात आणि एकमेकांची हवा खाऊन टाकतात. मला तर वाटतं सगळा अंदाज म्हणजे हे झाकण कुठे आणि किती वाजता फुटणार एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी वरच्या हवेचं तापमान आणि ओलावा मोजणाऱ्या सकाळी 7 च्या हवामान-फुग्याचे आकडे बघतात, म्हणजे झाकण किती जाड आहे ते कळतं. मग ड्रायलाइन शोधायची, पश्चिमेची कोरडी हवा आणि पूर्वेची दमट हवा जिथे भिडते ती रेषा, तिच्या एका बाजूला दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं माप, 18 अंश असतो आणि थोडं पलीकडे गेलं की 5 च्याही खाली येतो. ही रेषा जिथे पूर्वेकडे फुगते, किंवा रात्रीच्या पावसाने मागे सोडलेली थंड हवेची सीमा जिथे तिला छेदते, तिथे हवा वर ढकलली जाते. ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, म्हणजे वादळांचा अंदाज देणारं सरकारी केंद्र, नकाशावर धोक्याच्या पाच पायऱ्या देतं, पण तो रंगीत भाग कधीकधी अख्ख्या राज्याएवढा असतो, त्यातलं एक गाव चेसरनेच निवडायचं. एचआरआरआर हे हवामानाचं संगणक मॉडेल दर तासाला नवीन चित्र देतं, 3 किलोमीटरच्या चौकटीत, दिसायला एकदम खरं वाटतं, तरी दुपारनंतर मी हवामान स्टेशनांवर मोजलेल्या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवीन.

चार वाजले की नजर उपग्रहाच्या चित्रावर. ड्रायलाइनवर छोटे ढग उठतात, बारीक होत कलंडतात, विरून जातात, परत उठतात, तेव्हा समजायचं की झाकण अजून धरून आहे. मग त्यातला एखादा विरत नाही, त्याच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या घट्ट आणि टोकदार दिसायला लागतात आणि माथा वर चढतच राहतो. तेव्हा गाडी निघते, थेट ढगाकडे नाही, तर तो पुढे जिथे येणार त्याच्या आग्नेयेला, जिथून त्याचा तळ दिसेल आणि दक्षिणेला सुटायला रस्ता मोकळा असेल.