पैसा कुणी आणला आणि पैसा कुणी भरला

मोठ्या रस्त्याची किंवा रेल्वेमार्गाची बातमी आली की काही वाक्यं हमखास वाचायला मिळतात. ‘जपानच्या पैशातून प्रकल्प होतोय.’ ‘खासगी कंपनीने बांधला, सरकारचा एक रुपयाही गेला नाही.’ ‘केंद्राकडून राज्याला इतक्या हजार कोटींचा निधी मिळाला.’ तिन्हींत घोळ एकच आहे. बांधकाम चालू असताना पैसा कुणी आणून दिला हा एक प्रश्न. तो पैसा शेवटी कुणाच्या खिशातून गेला हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं आपण धरून चालतो. मग टोल असावा की नसावा, मराठवाड्यात रेल्वे का रखडते, कुठला प्रकल्प परवडतो, या सगळ्या चर्चा चुकीच्या पायावर उभ्या राहतात.

पैसा आणणं म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायला नको. ज्याने गृहकर्ज घेतलंय त्याला माहीत असतं की बिल्डरला धनादेश बँकेने दिला, पण घराचे पैसे आपण वीस वर्षं भरतोय. रस्त्यांच्या बाबतीत बँकेच्या जागी जायका ही जपान सरकारची कर्ज देणारी संस्था येते, जागतिक बँक येते, रोखे घेणारे गुंतवणूकदार येतात किंवा खुद्द कंत्राटदार कंपनी येते. व्याजदर वेगळे, मुदती वेगळ्या, चलन वेगळं. यातला कोणताही पैसा फुकट आलेला नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भरणाऱ्यांची यादी मात्र फार छोटी आहे. रस्ता वापरणारा टोल किंवा तिकीट भरतो. बाकीचं करदाता भरतो, आजचा किंवा वीस वर्षांनंतरचा. प्रकल्पामुळे ज्याच्या जमिनीचा भाव वाढतो त्याच्याकडून थोडंफार वसूल करता येतं. यापलीकडे चौथा खिसा मला तरी सापडलेला नाही.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन घ्या. ५०८ किलोमीटरचा मार्ग, मूळ अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी, त्यातला ८१ टक्के भाग जपानच्या कर्जातून. व्याज ०.१ टक्के, परतफेड ५० वर्षांत आणि पहिली १५ वर्षं हप्ता नाही. अटी खरोखर उत्तम आहेत. पण म्हणून जपानने आपल्याला ट्रेन दिली असं होत नाही. पन्नास वर्षांनी शेवटचा हप्ता जाईल तेव्हा ते पैसे प्रवाशांच्या तिकिटातून आलेले असतील, नाहीतर सरकारी तिजोरीतून. दुसरा मार्ग नाही. उरलेल्या भांडवलात केंद्राचे १०,००० कोटी आणि महाराष्ट्र व गुजरातचे प्रत्येकी ५,००० कोटी आहेत. ते तर सरळ करदात्याचे.

केंद्राच्या ‘निधी’चीही तीच गोष्ट. २०२०–२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली खर्चासाठी ५० वर्षांच्या मुदतीची बिनव्याजी रक्कम देतं. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १.५ लाख कोटींची तरतूद होती. ते कर्ज आहे, अनुदान नव्हे. त्यातून पूल झाला तर तो ‘केंद्राने दिलेला’ पूल असं लिहिणाऱ्यांनी निदान ‘कर्जाऊ’ हा शब्द घालावा. खुद्द केंद्राचा भांडवली खर्चही, २०२५–२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजानुसार ११.२१ लाख कोटी, पूर्ण रोखीतला नव्हे. त्याच वर्षाची वित्तीय तूट, म्हणजे उधारीने भरायची रक्कम, १५.६९ लाख कोटी धरलेली होती. म्हणजे अर्थसंकल्पातून बांधलेला रस्तासुद्धा बऱ्याच अंशी उधारीवर बांधलेला असतो. फक्त त्याची परतफेड निर्विवादपणे करदाता करतो, आणि तिथे लपवाछपवी नसते.

परदेशी कर्ज हे शेवटी फेडायचं असतं, हे दोनदा सांगितलं की लोकांना पटतं. खासगी पैशाच्या बाबतीत मात्र भली भली माणसं अडखळतात.

राष्ट्रीय महामार्गांची कामं साधारण तीन पद्धतींनी दिली जातात. पहिलीत सरकार कंत्राटदाराला काम होईल तसे पैसे देतं. दुसरी ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’, म्हणजे बीओटी. तिथे कंपनी स्वतः कर्ज काढून रस्ता बांधते आणि ठरलेल्या वर्षांपर्यंत टोल घेते. तिसरी २०१६ पासूनची हायब्रीड ॲन्युइटी, जिला सगळे हॅम म्हणतात. तिच्यात बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम सरकार देतं. उरलेले ६० टक्के कंपनी उभे करते, आणि रस्ता पूर्ण झाल्यावर सरकार ते १५ वर्षं सहामाही हप्त्यांनी, व्याजासकट तिला परत करतं. टोल घ्यायचा असेल तर तो महामार्ग प्राधिकरण घेतं. त्यात कंपनीचा संबंध नाही.

आता बीओटी आणि हॅम शेजारी ठेवा. दोन्हीकडे ‘खासगी गुंतवणूक’ हीच बातमी येते. पण बीओटीचा रस्ता वाहनचालक भरतो आणि हॅमचा रस्ता सरकार भरतं, हप्त्यांनी. वाहतूक अंदाजापेक्षा कमी झाली तर बीओटीत कंपनी गोत्यात येते. हॅममध्ये तिला फरक पडत नाही, तिचा हप्ता ठरलेला असतो आणि तोटा प्राधिकरणाच्या, म्हणजे आपल्या अंगावर येतो. पैसा आणणारा दोन्हीकडे एकाच जातीचा, भरणारा मात्र वेगळा. म्हणून ‘इतक्या कोटींची खासगी गुंतवणूक झाली’ या वाक्यातून मला काहीच कळत नाही. मला हप्ता कोण देणार ते सांगा.

यातूनच टोलमाफीबद्दलचा गैरसमज जन्मतो, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कोल्हापूरमध्ये शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते बीओटीवर झाले. टोल सुरू झाल्यावर जबरदस्त आंदोलन उभं राहिलं. एन. डी. पाटलांसारखे नेते त्यात पुढे होते आणि शेवटी टोल रद्द झाला. कामाच्या दर्जाबद्दलचे, कराराबद्दलचे आक्षेप गंभीर होते. ते आंदोलन चूक होतं असं मी म्हणत नाही. पण टोल रद्द झाला म्हणून रस्त्याचे पैसे रद्द झाले नाहीत. ते कंपनीला सरकारी खात्यातून द्यावे लागले. शहरात गाडी चालवणाऱ्याऐवजी कधी कोल्हापूरला न गेलेल्या माणसानेही ते भरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला तेव्हाही हेच घडलं. टोल बंद झाला की ओझं एका खिशातून दुसऱ्या खिशात सरकतं, नाहीसं होत नाही. हा बदल योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. माझ्या मते मोटारवाल्याचा भार एसटीने किंवा लोकलने जाणाऱ्यावर टाकणं अयोग्यच आहे. पण आधी भार सरकला हे तरी मान्य करायला हवं.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग उलट्या बाजूने हेच दाखवतो. राज्य रस्ते विकास महामंडळाने २००४ मध्ये या मार्गाचे आणि जुन्या महामार्गाचे टोल वसुलीचे हक्क १५ वर्षांसाठी ९१८ कोटी आगाऊ घेऊन खासगी कंपनीला दिले. २०२० मध्ये पुन्हा सुमारे दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींना दिले. अशा व्यवहाराला ‘महसूल मिळाला’ म्हणणं बरोबर नाही. पुढच्या दहा वर्षांचा टोल आज हातात आला, एवढंच. तो पैसा दुसऱ्या कामाला लावला तर छानच. पण या मार्गावरून २०२९ मध्ये जाणाऱ्याने दिलेला टोल आपण आधीच वापरलेला असेल. केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केलेली सहा लाख कोटींची मालमत्ता रोखीकरण योजनाही याच तत्त्वावर उभी आहे.

एवढं सगळं सांगण्याचं कारण मागास भागांच्या विकासाशी जोडलेलं आहे. मुंबई–पुण्यासारख्या रस्त्यावर अडचण फक्त पैसा आणण्याची असते. गाड्या भरपूर, टोल भरपूर. कुणीतरी सुरुवातीला रक्कम पुढे केली की काम भागतं. तिथे कर्ज, खासगी कंपनी, रोखे, सगळं चालतं. गडचिरोली किंवा बीडमध्ये अडचण भरणाऱ्याची असते. तिथे आज वाहतूक विरळ आहे, म्हणूनच तर रस्ता हवा आहे. तिथे कितीही स्वस्त कर्ज मिळालं तरी टोलमधून ते फिटणार नाही. अशा वेळी ‘खासगी सहभागातून करू’ असं आश्वासन देणं म्हणजे मूळ प्रश्नाला हातच न लावणं. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग अखेर केंद्र आणि राज्याने खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला तेव्हाच पुढे सरकला. बीडला रेल्वे पोहोचायला सप्टेंबर २०२५ उजाडला. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गात राज्याचा वाटा ४० टक्के आहे. हे दोन्ही करदात्याचे प्रकल्प आहेत आणि तसे ते उघडपणे असलेलेच बरे.

प्रवाशाने भरायचा प्रकल्प आणि करदात्याने भरायचा प्रकल्प, कोकण रेल्वे या दोन्हींच्या मधली. १९९० मध्ये महामंडळ झालं, त्यात रेल्वे मंत्रालय ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा मोठा पैसा रोख्यांतून आला आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. परतफेडीसाठी या मार्गावर प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरून भाडं आकारलं जातं. म्हणजे चाकरमानी गावाला जाताना रोख्यांची परतफेड करत आला. तरीही ते पुरलं नाही आणि रेल्वे मंत्रालयाला आधार द्यावा लागला. मार्ग बांधायला नको होता असा याचा अर्थ नाही. प्रवासी एकटा तो पेलू शकणार नाही हे आधीच धरायला हवं होतं.

यावर उत्तर येतं की रस्ता झाला की उद्योग येतील आणि उद्योग आले की पैसा वसूल होईल. उद्योग येतात, हे खरं. पण त्यातून मिळणारा जीएसटी, आयकर, मुद्रांक शुल्क राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत जातं. कर्ज ज्या महामंडळाच्या नावावर आहे त्याच्या खात्यात ते आपोआप येत नाही. त्यासाठी मुद्दाम वाट करून द्यावी लागते. मुंबई, पुणे, नागपूरमध्ये घर घेताना मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या एक टक्का अधिभार लागतो, ती अशी वाट. जिथे घरांचे भाव आणि व्यवहार मोठे तिथेच ती चालते. ही वाट न करता कर्ज काढत राहिलं की काय होतं ते महामार्ग प्राधिकरणाने दाखवलं आहे. त्याचं कर्ज तीन लाख कोटींच्या पुढे गेलं, मग नवी बाजारी कर्जं थांबवून पैसा थेट अर्थसंकल्पातून द्यायची वेळ आली.

सध्या प्रस्तावित नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गावर भांडण चालू आहे. जमिनीचं भांडण खरं आहे आणि ते शेतकऱ्यांनी लढायलाच हवं. पैशाच्या बाजूने मात्र सगळी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली, त्यात भूसंपादनासाठी हुडको या केंद्र सरकारच्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून १२,००० कोटींचं कर्ज. हे झालं आणणाऱ्याचं नाव. रोज किती गाड्या धरल्या आहेत, किलोमीटरला टोल किती, तेवढ्या गाड्या आल्या नाहीत तर वर्षाला किती रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पातून जाईल आणि किती वर्षं, हे आकडे सरकारने प्रकल्पाच्या पहिल्या पानावर छापावेत. समर्थकांनीही ते मागावेत, विरोधकांनीही.