‘चालतेय ना, मग राहू दे’ म्हणून कपाटात पडलेल्या डीव्हीडी

घरातल्या लग्नाची डीव्हीडी संगणकावर उतरवून ठेवा म्हटले, की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते : “अजून चालतेय की!” हा गैरसमज दूर व्हायला हवा. डीव्हीडी चालते याचा अर्थ ती सुस्थितीत आहे असा होत नाही. तिच्यावर माहितीसोबतच चुका दुरुस्त करणारे गणित लिहिलेले असते, आणि ते झालेले नुकसान झाकत राहते. झाकण्याची मर्यादा संपली, की ऐन अक्षतांच्या वेळी पडद्यावरचे चित्र गोठते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत अशा डिस्क ढिगाने आहेत. स्टुडिओने दिलेल्या कव्हरवर नावे कन्नडमध्ये, आत मंगलाष्टके मराठीत. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुका आहेत, कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतली भाषणे आहेत. यांतले बरेचसे चित्रण दुसरीकडे कुठेच नाही, कारण स्टुडिओवाले मूळ टेप पुन्हा वापरत किंवा हार्डडिस्क रिकामी करत.

या डिस्क दुकानातल्या सिनेमांच्या डिस्कसारख्या साच्यात दाबून काढलेल्या नसतात. अशा लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये, म्हणजे डीव्हीडी-आरमध्ये, सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लिहिताना लेसर त्यावर ठिपके जाळतो आणि वाचताना जळलेल्या व न जळलेल्या भागांतला फरक ओळखतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांमुळे तो फरक पुसट होत जातो. खानापूरच्या पश्चिमेला चार महिने भिंतींना ओल असते. तिथे लाकडी कपाटात ठेवलेल्या डिस्कचे वय कव्हरवर छापलेल्या ‘शंभर वर्षां’वरून ठरवू नये. तसले आकडे प्रयोगशाळेत डिस्क काही काळ जास्त उष्णतेत आणि दमटपणात ठेवून, त्यावरून बांधलेले अंदाज असतात.

आता त्या गणिताकडे वळू. मंडळाची वर्गणीची वही डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी बेरीज आहे, प्रत्येक उभ्या रकान्याच्या तळाशीही बेरीज आहे. एका आकड्यावर चहा सांडला तर ओळीच्या बेरजेतून बाकीचे आकडे वजा केले, की हरवलेला आकडा मिळतो. आकडा पुसला गेला नसून चुकीचा लिहिला असेल, तर आधी चूक कुठे आहे ते शोधावे लागते. जी ओळ आणि जो रकाना दोन्ही जुळत नाहीत, त्यांच्या छेदावर ती सापडते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली पद्धत या बेरजांपेक्षा कितीतरी हुशार आहे, पण हिशेब त्याच जातीचा. चुकीची जागा ठाऊक असेल तर एक चूक दुरुस्त करायला एक जादा बाइट पुरतो. जागा ठाऊक नसेल तर दोन लागतात, एक ‘कुठे’ यासाठी आणि एक ‘किती’ यासाठी. दुकानातला क्यूआर कोड थोडा फाटला तरी पैसे जातात, तेही याच पद्धतीमुळे.

डीव्हीडीवर २०४८ बाइटचे १६ तुकडे, म्हणजे सेक्टर, मिळून एक गठ्ठा होतो. क्रमांक वगैरे जोडून तो १७२ रकाने आणि १९२ ओळींच्या तक्त्यात मांडतात. प्रत्येक ओळीला १० तपासणी बाइट जोडले जातात आणि तळाला १६ तपासणी ओळी. तक्ता झाला १८२ गुणिले २०८. ओळीतल्या १० बाइटच्या बळावर त्या ओळीतल्या ५ चुका दुरुस्त होतात. पाचांपेक्षा जास्त चुका असल्या, की ती अख्खी ओळ ‘गेलेली’ म्हणून खूण केली जाते. खूण झाली म्हणजे जागा कळली. मग तळाच्या १६ ओळींच्या जोरावर अशा १६ ओळी पूर्णपणे परत उभ्या करता येतात. १६ गुणिले १८२ म्हणजे २९१२ बाइट. डिस्कवर आतून बाहेर गोल गोल जाणाऱ्या लेखनाच्या मार्गावर ही लांबी सुमारे ६ मिलिमीटर भरते. ज्या वाटेवर ठिपक्यांमधले अंतर मायक्रोमीटरच्या अंशांत मोजतात, तिथे सलग ६ मिलिमीटर माहिती नष्ट होऊनही एक बाइटसुद्धा हरवत नाही. या तंत्राचे सगळे सौंदर्य इथे आहे.

डिस्क कशी पुसायची याचे उत्तरही याच तक्त्यात आहे. एक गठ्ठा मार्गावर सुमारे ८ सेंटिमीटर पसरलेला असतो. मध्यापासून कडेकडे गेलेला ०.१ मिलिमीटर रुंदीचा चरा प्रत्येक फेऱ्याला एकदाच छेदतो आणि फार तर पन्नासेक बाइट बिघडवतो. तोच चरा गोल, मार्गाला समांतर गेला, तर एकाच गठ्ठ्याचे दोन-तीन सेंटिमीटर जातात आणि तो गठ्ठा परत मिळत नाही. म्हणून मऊ सुती कापडाने नेहमी मध्यापासून कडेकडे पुसावे, गोल कधीच नाही. टूथपेस्ट लावून गोल घासण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, त्यामुळे एखादा चरा बुजतो खरा, पण शेकडो बारीक गोल चरे नव्याने पडतात. डिस्क फ्रीजमध्ये ठेवल्याने तर काहीच साधत नाही, बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी मात्र जमते.

चुका किती वाढल्या आहेत ते पाहताही येते. काही ड्राइव्ह हे आकडे सांगतात, आणि निरो डिस्कस्पीडसारख्या प्रोग्रॅममध्ये त्यांचा आलेख दिसतो. प्रमाणकानुसार लागोपाठच्या ८ गठ्ठ्यांत दुरुस्त कराव्या लागणाऱ्या ओळी २८० पेक्षा जास्त नसाव्यात. डिस्क विनातक्रार चालत असेल, पण आलेख कडेकडे हजारावर गेला असेल, तर त्याच दिवशी ती उतरवून घ्या. लेखन आतून बाहेर होते आणि बाहेरची कड बोटांनी व दमटपणाने आधी बिघडते. पूर्ण भरलेल्या डिस्कवर म्हणूनच बहुधा शेवटचा भाग आधी अडकतो.

आता प्रत्यक्ष काम. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या आणि तो थेट संगणकाला जोडा. हबमधून वीज कमी पडली, की तो मध्येच बंद पडतो आणि दोष डिस्कवर येतो.

फायली ओढून कॉपी करू नका, मोठी चूक इथेच होते. व्हिडिओ_टीएस या फोल्डरमधली एकेक व्हीओबी फाइल १ जीबीपर्यंतची असते. त्यातला एक गठ्ठा वाचता आला नाही तर विंडोज त्या फाइलची कॉपी सोडून देते. ३२ केबीच्या नुकसानापायी १ जीबी जाते. त्याऐवजी संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल घ्या. विंडोजवर इमगबर्नमध्ये ‘डिस्कवरून प्रतिमा फाइल’ हा पर्याय आहे. वाचनाचा वेग ४ किंवा ८ पट इतका कमी ठेवा. निरोगी डिस्क एवढ्याने होते.

अडकणाऱ्या डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. सिस्टिमरेस्क्यू नावाची लिनक्स प्रणाली (विंडोजऐवजी चालणारी) पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू केला, की ते आत तयारच असते. ड्राइव्ह बहुधा एसआर-शून्य या नावाने दिसतो. पहिल्या फेरीत ‘बी’ या स्विचने सेक्टर २०४८ सांगा आणि ‘एन’ द्या, म्हणजे ते सोपे भाग आधी उचलते आणि खराब जागी रेंगाळत नाही. मॅपफाइलचे नाव द्यायला विसरू नका. काय मिळाले, काय राहिले याची नोंद तिच्यात असते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होते. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढून ‘डी’ आणि ‘आर ३’ द्या. तरीही जागा उरल्या तर तीच आयएसओ आणि तीच मॅपफाइल ठेवून डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला. लेन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळे असल्याने एकाला न जमलेले सेक्टर दुसऱ्याला अनेकदा जमतात. शेवटी एक गठ्ठा राहिलाच, तर चित्रात साधारण अर्धा सेकंद चौकडे दिसतील. बाकी सारे वाचलेले असेल.

अडचणी ठरावीक असतात. आयएसओ ४ जीबीपाशी थांबली तर पेनड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. पूर्ण डिस्क ४.३८ जीबीच्या आसपास भरते आणि फॅट-३२ मध्ये ४ जीबीची फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरा. डिस्क रिकामी दिसून विंडोज फॉरमॅट करायचे का असे विचारत असेल, तर ‘नाही’ म्हणा. कॅमेऱ्याच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कबाबत हे नेहमी घडते, कारण त्या फायनलाइझ केलेल्या, म्हणजे लेखन संपवून बंद केलेल्या, नसतात. मूळ कॅमेरा चालू असेल तर त्यावर फायनलाइझ करा, नसेल तर इसोबस्टर अशा डिस्क वाचते. आयएफओ फाइल बिघडल्याने मेनू उघडत नसेल, तर तिचीच प्रत बीयूपी नावाने डिस्कवर दुसऱ्या जागी असते. आयएसओमधून काढलेल्या फोल्डरच्या कॉपीत तिच्या नावातले टिंबानंतरचे बीयूपी बदलून आयएफओ करा.

विकत घेतलेल्या सिनेमांवर बहुधा सीएसएस नावाचे कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ खाली गुन्हा आहे. घरच्या चित्रणावर कुलूप नसते, त्यामुळे वर सांगितलेले सगळे त्यालाच लागू आहे.

आयएसओ व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालते. फोनवर पाठवायला हँडब्रेकने एमपी-४ करा आणि त्यात डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना दाते दिसतील. एमपी-४ झाली म्हणून आयएसओ पुसू नका, तिच्यातली माहिती जास्त आहे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग गाव, मग प्रसंग, आणि सगळीकडे एकच लिपी ठेवा. कन्नड, मराठी, इंग्रजी मिसळली तर यादी क्रमाने लागत नाही. ४० डिस्क म्हणजे जास्तीत जास्त १७५ जीबीच्या आसपास. दोन हार्डडिस्क घ्या, एक घरी ठेवा आणि दुसरी कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे. सेव्हन-झिपमध्ये उजव्या क्लिकवर एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा अक्षरी ठसा, काढून मजकूर फाइलमध्ये जपा. वर्षाने तो पुन्हा काढा. एक अक्षर जरी बदलले तरी ती फाइल दुसऱ्या हार्डडिस्कवरून परत घ्या.